पाऊस चांगला झाला की प्रकल्प? अल्पभूधारकांसाठीच्या प्रकल्पाचे मूल्यमापन, पायरीपायरीने

३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या हिवाळ्यात मराठवाड्यातल्या एखाद्या पाणलोट प्रकल्पाचे पायाभूत, म्हणजे काम सुरू होण्याआधीचे, सर्वेक्षण झाले असेल, तर विहिरी तळाला गेलेल्या, रब्बी जवळपास नाही आणि ज्वारीचे पीक करपलेले अशीच नोंद झाली असणार. त्याच प्रकल्पाचे शेवटचे सर्वेक्षण २०२० किंवा २०२१ मध्ये, म्हणजे भरपूर पावसानंतर झाले, की अहवाल आपोआप लिहून होतो: पाणीपातळी वाढली, हरभऱ्याचे क्षेत्र वाढले, उत्पन्न वाढले. यातले एकही वाक्य खोटे नसते. फक्त श्रेय कोणाचे, हे त्यात कुठेच तपासलेले नसते. एकही बंधारा बांधला नसता, तरी त्या विहिरी भरल्याच असत्या.

संस्थेत नव्याने लागलेले कार्यकर्ते, कृषी किंवा समाजकार्याचे विद्यार्थी, कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक दायित्व) विभागात ‘इम्पॅक्ट’चे काम अचानक अंगावर पडलेली मंडळी, अशांसाठी हा लेख आहे. डोळ्यांसमोर एकच उदाहरण धरू या. मराठवाड्यातला कोरडवाहू तालुका, त्यातली दहा गावे, नाल्यांवर बंधारे, बांधबंदिस्ती, काही शेततळी, थोडे ठिबक. शेतकरी बहुतेक दोन हेक्टरांच्या आतले. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकर आहे. हा आकडा लक्षात असू द्या, पुढे उपयोगी पडेल.

पायरी १: मूल्यमापन कोणाला आणि कशासाठी हवे आहे, ते आधी विचारा

किती बंधारे झाले, किती मीटर बांध घातले, किती शेतकऱ्यांचे प्रशिक्षण झाले, ही झाली देखरेख. ती हवीच. पण तिला प्रभाव म्हणत नाहीत. प्रकल्पामुळे लोकांच्या जगण्यात काय बदलले, हा मूल्यमापनाचा प्रश्न.

काम हाती घेण्याआधी पैसे देणाऱ्याला सरळ विचारा: उत्तर काहीही आले, तर तुम्ही काय वेगळे कराल? पुढच्या तालुक्यात हेच करायचे का, शेततळ्यांवरचा पैसा बांधबंदिस्तीकडे वळवायचा का, असा काही निर्णय अडलेला असेल तर मूल्यमापनाला अर्थ आहे. वार्षिक अहवालासाठी चार फोटो आणि एक यशोगाथा हवी असेल, तर तसे स्पष्ट बोलून घ्या. ते काम निराळे, त्याचा खर्चही कमी.

नवख्यांच्या हातात बहुतेक वेळा ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेच्या सहा निकषांची यादी दिली जाते: समर्पकता, सुसंगती, परिणामकारकता, कार्यक्षमता, प्रभाव आणि टिकाऊपणा. यादी चांगली आहे. पण सहाही निकषांना सारखी पाने वाटून अहवाल लिहिला, तर तो कोणी वाचत नाही. आपल्या प्रश्नाला लागू पडतील ते दोन-तीन घ्या आणि त्यांच्या मुळाशी जा.

पायरी २: बदलाची साखळी कागदावर मांडा, आणि ती कुठे तुटेल तेही लिहा

बंधारा बांधला. पाणी अडले. ते मुरले. खालच्या अंगाच्या विहिरीत ते जानेवारीपर्यंत राहिले. हरभऱ्याला एक-दोन संरक्षित पाणी, म्हणजे पीक वाळू नये म्हणून द्यायच्या पाळ्या, मिळाले. उत्पादन वाढले. माल बऱ्या भावाने विकला गेला. घरात पैसा आला. त्या पैशातून सावकार फिटला, किंवा मुलीचे कॉलेज सुटले नाही.

आता प्रत्येक दोन कड्यांच्या मध्ये बोट ठेवून विचारा: इथे काय गृहीत धरले आहे? राज्याचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरात. हा थर एका शेतात पंधरा मीटर आणि शेजारच्या शेतात चारच मीटर असू शकतो. म्हणून एकाच बंधाऱ्याखालच्या दोन विहिरींपैकी एक तुडुंब भरते आणि दुसरीला त्याची खबरही लागत नाही. विहिरीत पाणी आहे, पण शेतीपंपाची लाइट रात्री येते आणि घरी एकटी बाई आहे, तर ते पाणी हरभऱ्यापर्यंत पोहोचत नाही. पाणी पोहोचले, पण पैसा आला तो भाव चढल्यामुळे, असेही होते.

ही साखळी कार्यालयात बसून रंगवू नका. गावातल्या दोन-तीन जाणत्या शेतकऱ्यांसमोर कागद ठेवा. कडी कुठे तुटते ते त्यांना लगेच दिसते. मोजमाप कुठे करायचे हेही त्यातूनच ठरते, म्हणजे साखळीतल्या सर्वांत कच्च्या जागी.

जोडीला साधा गुणाकार शिकून घ्या. एका एकराला पाच सेंटिमीटर पाणी द्यायचे, तर सुमारे दोन लाख लिटर लागते. ३० बाय ३० मीटरचे, तीन मीटर खोलीचे, उताराच्या कडांचे शेततळे काठोकाठ भरले, तर साधारण बावीस लाख लिटर. बाष्पीभवन आणि पाझर वजा केला की उरते त्याहून बरेच कमी. ‘या शेततळ्यावर पाच एकर डाळिंब उन्हाळाभर जगवले’ असे कोणी सांगितले, की या गुणाकारातून पुढचा प्रश्न निघतो: मग बाकीचे पाणी कुठून आले?

पायरी ३: तुलना कोणाशी करायची ते ठरवा

या लेखातली एकच पायरी वाचायची असेल, तर ही वाचा.

आधी आणि नंतर एवढीच तुलना केली, तर पाऊस आणि बाजारभाव प्रकल्पाच्या खात्यात जमा होतात. ऑगस्ट २०२१ मध्ये काही बाजार समित्यांत सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेले होते. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारभाव त्याच्याही खाली होता. २०२१ चे उत्पन्न मोजणारा प्रकल्प यशस्वी आणि २०२४ चे मोजणारा अपयशी ठरला, तर त्यातून प्रकल्पाबद्दल आपल्याला काय कळले? काहीच नाही.

लाभार्थी आणि बिगर-लाभार्थी एवढीच तुलना केली, तर फसगत वेगळ्या प्रकारची होते. ठिबक असो की शेततळे, बहुतेक योजनांत शेतकऱ्याने आधी पदरचे पैसे घालायचे आणि अनुदान नंतर खात्यावर यायचे. ज्याच्या पदरी पैसे आहेत, ज्याचा सातबारा स्वच्छ आहे, ज्याची कृषी सहायकाशी ओळख आहे, तोच आधी पुढे येतो. तो योजनेशिवायही शेजाऱ्यापेक्षा सुस्थितीत असतो. गावांचेही तसेच. ज्या गावाने श्रमदानाला आपणहून होकार दिला, त्या गावात भांडणे कमी आणि पुढारी बरा असण्याची शक्यता अधिक.

म्हणून दोन्ही तुलना एकत्र करतात. समजा, प्रकल्पाच्या गावांत रब्बीखालचे क्षेत्र २० टक्क्यांवरून ४५ टक्के झाले. वाढ २५. त्याच काळात शेजारच्या, प्रकल्प नसलेल्या, बाकी सारख्या गावांत ते २२ वरून ३८ झाले. वाढ १६. हे १६ पावसाचे, भावाचे, त्या वर्षीच्या हवेचे. प्रकल्पाकडे जमा धरायचे ते फक्त उरलेले ९. अहवालात ‘दुपटीहून अधिक वाढ’ लिहायचे की ‘आणखी नऊ टक्के शेती रब्बीखाली’, हा प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे. नऊची भर ही काही छोटी गोष्ट नाही, ती अभिमानाने लिहावी.

या हिशोबात एक गृहीतक दडलेले असते: प्रकल्प आला नसता, तर दोन्हीकडची गावे सारख्याच गतीने बदलली असती. हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. प्रकल्पाच्या आधीच्या चार-पाच वर्षांत दोन्हीकडचे रब्बी क्षेत्र बरोबरीने वरखाली होत होते का? ते कसे पाहायचे, हे पुढच्या पायरीत येते.

तुलनेची गावे निवडताना एवढे जपा. ती त्याच महसूल मंडळातली, निदान लगतच्या मंडळातली असावीत, म्हणजे पाऊस साधारण सारखा मिळेल. जमीन आणि उतार सारखे असावेत. पण त्याच नाल्याच्या खालच्या अंगाची नकोत. वर अडवलेले पाणी खाली कमी गेले, तर त्या गावाचे नुकसान होते आणि त्या नुकसानीमुळे आपला प्रकल्प आहे त्याहून चांगला दिसतो. शिवाय त्या गावात गेल्या दहा वर्षांत दुसरे काय काय झाले ते ग्रामपंचायतीत विचारा. जलयुक्त शिवार, पाणी फाउंडेशनची स्पर्धा, रोजगार हमीच्या विहिरी, पोकरा. काहीच न झालेले गाव आता मिळणे कठीण. निव्वळ पोकरानेच, म्हणजे २०१८ पासून जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने, पहिल्या टप्प्यात १५ जिल्ह्यांतली सुमारे पाच हजार गावे घेतली होती. तेव्हा आपली तुलना ‘काहीच नाही’शी नसून ‘इतर योजनांसह जे चालले आहे’ त्याच्याशी आहे, असे अहवालात स्पष्ट म्हणा.

सोडत काढता आली तर सर्वांत उत्तम. कोणाला आधी लाभ द्यायचा हे चिठ्ठीने ठरले, की दोन्ही गट मुळात सारखेच असतात. विकासाच्या क्षेत्रात हा मार्ग रुळवल्याबद्दल २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना मिळाले. (बॅनर्जी जन्माने मुंबईचे, आणि त्यांच्या आई माहेरच्या पाटणकर. आपल्याकडे बातम्यांत तेव्हा नोबेलपेक्षा याचीच चर्चा जास्त झाली.) पाणलोटात सोडत अवघड वाटते, पण तीस गावे तीन वर्षांत घ्यायचीच असतील, तर कोणते गाव कोणत्या वर्षी, एवढे चिठ्ठ्या टाकून ठरवायला कोणाची हरकत नसते. उलट पक्षपाताचा आरोप टळतो. आपल्याकडे तर आयती सोडतही झालेली आहे. सरकारी योजनांच्या अर्जांसाठीच्या महाडीबीटी पोर्टलवर काही वर्षे ठिबक, अवजारे वगैरेंसाठी संगणकीय सोडतीने निवड होत असे. ज्यांचे नाव निघाले आणि ज्यांचे नाही, अर्ज दोघांनीही केलेला. तुलनेसाठी याहून चांगले दोन गट शोधून सापडायचे नाहीत. मात्र नाव निघूनही पैशांअभावी ज्यांनी ठिबक घेतलेच नाही, त्यांना यादीतून गाळू नका. गाळले की आपण पुन्हा सधन शेतकऱ्यांकडे येऊन पोहोचतो.

पायरी ४: गावात जाण्याआधी तयार आकडे गोळा करा

पायाभूत सर्वेक्षण झालेलेच नाही, आता काय करायचे? ही तक्रार जवळजवळ प्रत्येक प्रकल्पात ऐकू येते. पण बरीचशी भरपाई करता येते.

पाऊस मंडळनिहाय मिळतो. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर रोजच्या नोंदी असतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळ्यानंतर. पण एक निरीक्षण विहीर अनेक गावांची प्रतिनिधी असते, तेव्हा तिच्यावरून आपल्या गावाचा निकाल देऊ नका. प्रकल्पाचे पैसे अजून हातात असतील, तर दोन्हीकडच्या गावांत दहा-पंधरा विहिरी ठरवून दोरी-टेपने दर महिन्याला मोजायला आजच सुरुवात करा. गावातला दहावी झालेला पोरगाही हे काम चोख करतो.

पिकांचे क्षेत्र ई-पीक पाहणीत असते. ती राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली, त्याआधी तलाठी नोंद करत. २०१८ ची तलाठ्याची नोंद आणि २०२२ ची शेतकऱ्याने मोबाइलवर केलेली नोंद एकाच रकान्यात मांडून ‘बदल’ दाखवणे बरोबर नाही.

माझ्या मते सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे उपग्रह. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची दहा मीटर स्पष्टतेची छायाचित्रे २०१५ पासून मोफत मिळतात, आणि अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची त्याहून किती तरी जुनी. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र असते, शिवारात हिरवे दिसते ते बहुतेक रब्बीच. प्रकल्पाची गावे आणि तुलनेची गावे, दोन्हीकडचे हिरवे क्षेत्र आठ-नऊ वर्षांचे एकाच आलेखावर काढा. प्रकल्पाआधी रेषा जोडीने चालतात का आणि नंतर फाकतात का, ते दिसेल. सर्वेक्षकाला खूश करण्यासाठी उपग्रह काही वाढवून सांगत नाही. फक्त बारमाही ऊस आणि मोसंबी, डाळिंबाच्या बागा वेगळ्या काढा, नाहीतर उसाची वाढ हरभऱ्याच्या नावावर जाईल.

पायरी ५: कोण सुटते आहे ते पाहा

नमुना निवडीचे सूत्र पुस्तकात मिळेल. व्यवहारात एवढे पुरे: एका गावात शंभर घरे विचारण्यापेक्षा दहा गावांत दहा-दहा विचारलेली चांगली. एका गावातला पाऊस, विहिरी आणि पुढारी सगळ्यांना सारखेच असतात, त्यामुळे शंभर घरांतून नवे फारसे कळत नाही.

खरा घोटाळा यादीत असतो. सरपंचांनी किंवा प्रकल्पाच्या माणसाने दिलेल्या यादीवर काम करू नका. इंग्लंडचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी फार पूर्वीच दाखवले आहे की बाहेरून आलेला माणूस डांबरी रस्त्यालगतची गावे पाहतो, कोरड्या दिवसांत येतो, पुरुषांशी आणि पुढाऱ्यांशी बोलतो आणि जिथे प्रकल्प झाला तिथेच फिरतो. हे आजही तसेच चालू आहे, फक्त जीपच्या जागी एसयूव्ही आली. वाड्या, वस्त्या, तांडे पायी फिरून घरांची यादी स्वतः करा. एकच सातबारा आणि त्यावर सहा भाऊ असतील, तर ती सहा घरे धरा. वडिलांच्या नावावर जमीन आणि मुलगा वेगळा राहून कसतो, तर त्याचे घर वेगळे.

आणि महिना पाहा. बीड, धाराशिव, जालन्याकडची हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि थेट अक्षय्य तृतीयेच्या सुमारास परततात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, दाराला कुलूप. तुम्ही जानेवारीत सर्वेक्षण केले, तर ही घरे ‘बंद आढळले’ म्हणून सुटतात आणि त्यांच्या जागी शेजारचे घर घेतले जाते. गावातला सर्वांत गरीब थर असा एका फटक्यात नमुन्यातून बाहेर. खरे तर त्यांच्यासाठी प्रकल्पाचा प्रभाव एकाच प्रश्नात मोजता येतो: यंदा तोडीला गेलात का? आणि गेला असाल, तर उचल किती घेतली?

भूमिहीन शेतमजुरांनाही यादीत घ्या. त्यांचे शेत नाही म्हणून प्रभाव नाही, असे होत नाही. रब्बी वाढली तर निंदणी-काढणीची मजुरी वाढते, आणि गायरानावर चर खोदले तर शेळ्यांचे चरणे बंद होते.

पायरी ६: प्रश्न शेतकऱ्याच्या मापात विचारा

‘आपले हेक्टरी उत्पादन किती क्विंटल?’ या प्रश्नाला मिळणारे उत्तर अंदाजपंचे असते. मराठवाड्यात सोयाबीनचा हिशोब बॅगेवर चालतो: ‘बॅगेला सात क्विंटल झाले.’ ही बियाण्याची बॅग असते, आणि एक बॅग म्हणजे एक एकर असे सगळेच धरून चालतात. पण दाट पेरणारा तीच बॅग तीस गुंठ्यांत संपवतो. कापसाचेही तसेच, पाकिटावर हिशोब. तेव्हा क्रम असा ठेवा: कोणत्या तुकड्यात पेरले, तो तुकडा किती गुंठ्यांचा, किती बॅगा टाकल्या, किती पोती घरी आली, पोते किती किलोचे, त्यातले किती विकले, किती घरात ठेवले, किती बियाण्याला. बेरीज तुम्ही करा, त्यांना करायला लावू नका. सव्वातीन एकरांच्या मानाने चाळीस क्विंटल सोयाबीन आले असेल, तर कुठेतरी दुसऱ्याचे शेत बटईने केलेले आहे किंवा आकडा चुकला आहे. तिथल्या तिथे विचारा.

तारखा विचारू नका, सण विचारा. विहिरीचे पाणी कधीपर्यंत पुरले? दिवाळीपर्यंत, संक्रांतीपर्यंत की पाडव्यापर्यंत? मोटर किती तास चालायची, आणि आता किती तासांत विहीर उपसते? याला शेतकरी पटकन आणि बरोबर उत्तर देतो.

उत्पन्न म्हणजे विक्रीचे पैसे नव्हेत. खर्च वजा करा, आणि कोणता खर्च तेही ठरवा. कृषिमूल्य आयोग हातचा रोख आणि वस्तुरूप खर्च ‘ए-२’ मध्ये धरतो, घरच्यांच्या राबणुकीचे मोल त्यात वेगळे मिळवतो, आणि ‘सी-२’ मध्ये स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचे व्याजही येते. अल्पभूधारकाच्या घरात राबणूक हाच मोठा खर्च. ठिबक आल्याने पाणी द्यायची रात्रपाळी वाचली की भाजीपाला घेतल्याने बाईचे चार तास वाढले, हे ए-२ मध्ये दिसत नाही. म्हणून राबणुकीचे दिवस निराळे विचारा, पुरुषांचे वेगळे, बायकांचे वेगळे. आणि बायकांचे बायकांनाच विचारा. ‘आमच्याकडे बाया शेतात फारशा जात नाहीत’ असे ओसरीवर बसून सांगणाऱ्याची बायको तेव्हा बहुतेक खुरपायला गेलेली असते.

कर्जाचा प्रश्न शेवटी, आणि एकांतात. सोसायटी, बँक, बचत गट, मायक्रोफायनान्स, सोने तारण, सावकार, दुकानदाराची उधारी असे नावे घेऊन विचारले, की आठवते आणि सांगितलेही जाते. नुसते ‘कर्ज आहे का?’ म्हटले की सोसायटीचाच आकडा मिळतो.

गावाला वाटते की तुम्ही भरपाईसाठी किंवा यादीतून नाव कापण्यासाठी आलात. दोन्ही समजुतींनी आकडे बिघडतात. कोण आहोत, कशासाठी आलो, यातून काहीही मिळणार नाही आणि काहीही जाणार नाही, हे आधी सांगा. नको म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे जा. आधार क्रमांक मागू नका, त्याची गरजच नसते.

पायरी ७: सर्वेक्षकांचे प्रशिक्षण आणि फेरतपासणी

हे थोडक्यात. कोबो टूलबॉक्ससारखे प्रश्नावली भरायचे मोफत साधन मोबाइलवर चालते, रेंज नसली तरी. प्रकल्पाच्याच कर्मचाऱ्यांना सर्वेक्षक करू नका. ज्याने बंधारा बांधून घेतला, त्याच्या तोंडावर ‘उपयोग झाला नाही’ कोण म्हणेल? प्रश्नावली आधी दुसऱ्याच एखाद्या गावात चालवून पाहा. दर दहा घरांतल्या एका घरी दुसऱ्या माणसाने परत जाऊन चार-पाच प्रश्न पुन्हा विचारावेत. एखाद्या सर्वेक्षकाच्या मुलाखती सतत वीस मिनिटांत उरकत असतील, तर संध्याकाळी त्याच्याशी बोला.

पायरी ८: शिवारफेरी, आणि प्रकल्पाचे नाव न घेता चर्चा

आकडे ‘किती’ सांगतात, ‘का’ सांगत नाहीत. गावकऱ्यांबरोबर माथ्यापासून पायथ्यापर्यंत शिवार चाला. चालता चालता जे कळते ते बैठकीत कळत नाही: कोणता बंधारा गाळाने भरला, कोणाच्या बांधावरून वाद आहे, कोणत्या विहिरीने कोणाचे पाणी ओढले.

बैठकीत पहिला प्रश्न असा विचारा: गेल्या पाच वर्षांत गावात काय काय बदलले? प्रकल्पाचे नाव घेऊ नका. लोक रस्ता सांगतील, मोबाइल सांगतील, पीकविमा, डुकरांचा त्रास, मुलांची लग्ने जमत नाहीत हे सांगतील. बंधाऱ्याचे नाव आपणहून किती वेळाने येते, ते टिपून ठेवा. आलेच नाही तर तेही टिपा. बायकांची बैठक वेगळी, त्यांच्या सवडीच्या वेळी, बहुधा दुपारच्या कामानंतर किंवा रात्री जेवणे उरकल्यावर.

पायरी ९: सरासरीच्या आत पाहा

विश्लेषणात भाव गोठवा. दोन्ही वर्षांच्या उत्पादनाला एकच भाव लावून पाहा, म्हणजे उत्पादनामुळे किती फरक पडला आणि बाजारामुळे किती, ते सुटे होईल. मग जमिनीच्या गटांनुसार आणि नाल्यापासूनच्या अंतरानुसार फोडा. दहा घरांचे उत्पन्न सरासरी वीस हजारांनी वाढले, याचा अर्थ दोघांचे एक लाखाने वाढले आणि आठ जण होते तिथेच राहिले, असाही असू शकतो. पाणलोटात हे नेहमीचेच. नाल्याकाठी चांगली जमीन आणि विहीर ज्याची, फायदा त्याचा. माथ्यावरचा मुरमाड तुकडा ज्याचा, त्याने चर खोदायला श्रमदान केलेले असते.

तोटा शोधा. तो आपणहून कोणी सांगत नाही. शेततळ्याचेच घ्या. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेमागे पावसाचे वाहते पाणी साठवायची कल्पना होती. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तळाला प्लास्टिक अंथरून, विहीर-बोअरचे पाणी पावसाळ्यानंतर उपसून तळ्यात भरले जाते. मालकाची बाग उन्हाळ्यात जगते, ते खरे. पण सगळ्यांचे भूजल एकाच्या उघड्या तळ्यात आले आणि त्यातले काही उन्हाने उडूनही गेले. लाभार्थ्याची मुलाखत घेतली तर हा प्रकल्प शंभर टक्के यशस्वी. शेजाऱ्याची विहीर मोजली तर वेगळेच चित्र. म्हणून एकक लाभार्थी नव्हे, शिवार धरा.

मोठ्या पातळीवरही हाच धडा आहे. जलयुक्त शिवारावर ९,६०० कोटींहून अधिक खर्च झाला. कॅगने, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, २०२० च्या अहवालात सहा जिल्ह्यांतली १२० गावे तपासली आणि भूजल पातळी वाढण्यावर फारसा परिणाम दिसला नाही असा निष्कर्ष काढला. त्यावर राजकारण व्हायचे ते झाले. मूल्यमापन करणाऱ्याने त्यातून एवढे घ्यावे की पाणी अडवणे ही निम्मी गोष्ट, उपसा किती वाढला ही उरलेली निम्मी. हिवरे बाजारने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला, शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली, ऊस-केळीला नकार दिला. तिथले यश मोजायचे तर या नियमांशिवाय नुसते बंधारे मोजून चालणार नाही. तुमच्या दहा गावांत असा एखादा नियम आहे का, आणि तो कोण मोडतो, हे प्रश्नावलीत असायला हवे.

पायरी १०: तीन वर्षांनी परत जा

प्रकल्प संपतो त्या महिन्यात सगळे चकाचक असते. कोल्हापुरी बंधाऱ्याला पाहा: पावसाळा सरताना पाणी अडवणाऱ्या प्लेटा बसवायच्या, पुढच्या पावसाआधी काढून ठेवायच्या. हे काम कोण करते, प्लेटा कोणाच्या गोठ्यात आहेत, त्यांतल्या किती चोरीला गेल्या, रबर कधी बदलले, याची उत्तरे तीन वर्षांनी खरी मिळतात. ठिबकच्या नळ्या शेतात पसरलेल्या आहेत की गुंडाळून माळ्यावर? पाणी वापर समितीची शेवटची बैठक कधी झाली? वहीवर विश्वास ठेवू नका, सदस्यांना वेगवेगळे गाठून विचारा. या परत येण्याचे पैसे मूळ अंदाजपत्रकात धरून घ्या, नंतर ते कोणी देत नाही.

पायरी ११: अहवाल आधी गावाला वाचून दाखवा

इंग्रजी अहवाल देणगीदाराकडे जाईलच. त्याआधी चार पानांचा मराठी गोषवारा करा, मोठ्या अक्षरांत, आलेख दोन-तीनच. कोणाचे नाव, कोणाचे कर्ज त्यात ओळखू येणार नाही याची खात्री करा. लहान गावात ‘नाल्याकाठचा मोठा बागायतदार’ एवढे म्हटले तरी पुरते. मसुदा अंतिम करण्याआधी तो ग्रामसभेत वाचा. आकडे चुकले असतील तर लोक तिथेच सांगतात. ‘वरच्या वस्तीत पाणी वाढले’ हे वाक्य वरच्या वस्तीतल्या माणसांसमोर टिकते का, ते तिथे कळते. हरकती आल्या तर अहवालाच्या शेवटी जशाच्या तशा छापा.

वर्षात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर अशा चार ठरलेल्या ग्रामसभा असतात. २६ जानेवारीला ऊसतोडवाले कारखान्यावर असतात आणि १५ ऑगस्टला खरिपाची कामे चाललेली असतात. १ मे धरा, आणि सभा सकाळी लवकर ठेवा. अकरानंतरच्या उन्हात वस्तीवरून कोणी येत नाही.